डेटा सेंटर हवंच, पण वीज शुल्काची माफी कशासाठी?

शहरात डेटा सेंटर आणायचं तर काय करावं लागतं? मंत्रालयापासून दावोसपर्यंत याचं उत्तर एकच: सवलती द्या. जमीन द्या, मुद्रांक शुल्क माफ करा, वीज शुल्क माफ करा, वाढीव एफएसआय द्या. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात यातलं बरंच काही आहे. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला अमेझॉनच्या क्लाउड कंपनीने महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचा करार केला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आनंदीआनंद होता. आम्हालाही गुंतवणूक नको आहे असं नाही. उद्योगाला नाक मुरडणं ही आंबेडकरी परंपरा नव्हे. आमचा प्रश्न हिशेबाचा आहे.

आधी हे बघू की या कंपन्या मुंबई-नवी मुंबईत येतात कशासाठी. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लागतात. बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या, म्हणजे सर्वात मोठी गिऱ्हाइकं इथेच आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायचा, तेव्हापासून मागणी आणखी वाढली. वीज इतर शहरांच्या मानाने भरवशाची. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीची तयार जमीन, जिथे जुने रासायनिक कारखाने बंद होत गेले. अमेझॉनने मुंबईतला आपला क्लाउड विभाग २०१६ मध्ये सुरू केला. पनवेलचं योट्टाचं अवाढव्य केंद्र २०२० मध्ये उघडलं. २०२३ चं धोरण तेव्हा कागदावरही नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं असताना दुकानदाराने आणखी सूट देण्यासारखं हे आहे.

यावर एक युक्तिवाद होतो. आपण दिलं नाही तर दुसरं राज्य देईल. गुगल नाही का विशाखापट्टणमला गेलं? यात तथ्य आहे, पण अर्धंच. एआय मॉडेलला प्रशिक्षण देणारी केंद्रं वीज आणि जमीन मिळेल तिथे जाऊ शकतात. विशाखापट्टणमला मुंबईसारखं केबलचं जाळं आणि बाजार नाही, म्हणून आंध्र सरकारला पदरचं टाकावं लागतं, आणि गुगललाही तिथे नवी समुद्री केबल आणण्याचं जाहीर करावं लागतं. पण शेअर बाजाराचा सौदा किंवा यूपीआयचं पेमेंट सांभाळणारं केंद्र गिऱ्हाइकाच्या जवळच लागतं. ते मुंबई सोडून फार लांब जाणार नाही. म्हणजे घासाघीस करण्याची ताकद शहराकडे आहे. ती वापरली जात नाही, एवढंच.

आता विजेकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. ५० मेगावॅटचं डेटा सेंटर पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १२ लाख युनिट लागतात. महिन्याला १०० युनिट वापरणारं एक घर धरलं, तर ही साडेतीन लाखांहून जास्त घरांची वीज झाली. दिघा, यादवनगर, चिंचपाडा इथल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही लोकांची वीजबिलं बघतो. त्यात एक ओळ असते, वीज शुल्क १६ टक्के. पत्र्याच्या खोलीत एक पंखा, एक टीव्ही आणि मुलांच्या अभ्यासाचा दिवा, त्यावर १६ टक्के. त्याच पट्ट्यात शेकडो चिलर चालवणाऱ्या इमारतीला धोरण म्हणतं, शुल्क माफ. हे शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. माफी म्हणजे तिजोरीतून दिलेलं अनुदानच. झोपडपट्टीला मिळालं की त्याला रेवडी म्हणतात, कंपनीला मिळालं की प्रोत्साहन.

बाबासाहेबांना आपण संविधानापुरतं आठवतो, पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणावर बोलताना त्यांनी मांडलं की वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण औद्योगिकीकरणाशिवाय या देशाची गरिबीतून सुटका नाही. त्यांची स्वस्त वीज माणसाला शेतीच्या गुलामीतून काढून कामाला लावण्यासाठी होती. ज्या इमारतीत यंत्रं हजारोंनी आणि माणसं मोजकी, तिला स्वस्त वीज देताना त्यांचं नाव घेता येणार नाही.

वीज येते कुठून तेही पाहावं. ट्रॉम्बेचा टाटांचा कोळशावरचा संच बंद होण्याच्या मार्गावर होता. शहराची विजेची मागणी वाढतेय म्हणून २०२३ मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली. वाढत्या मागणीत डेटा सेंटर एकटी नाहीत, पण आहेत. त्या चिमणीच्या शेजारी माहुल आहे, जिथे मुंबईतल्या तोडलेल्या झोपड्यांतली माणसं नेऊन टाकली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. क्लाउड म्हणजे ढग म्हणे. त्याचा धूर कुणाच्या छातीत जातो ते विचारायला नको.

अटी घालता येतात याचा पुरावा सिंगापूर आहे. जागा आणि वीज कमी म्हणून त्या शहराने २०१९ पासून नवी डेटा सेंटरं थांबवली आणि पुढे दारं उघडली ती वीज कमी खाणाऱ्या निवडक प्रकल्पांनाच. कंपन्या रुसून गेल्या नाहीत, रांगेत उभ्या राहिल्या. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या लाउडन काउंटीमध्ये तर डेटा सेंटरमधल्या संगणकांवर स्थानिक कर आहे आणि त्या पैशामुळे रहिवाशांच्या घरपट्टीचा दर खाली आणता आला. तरीही जगातली सर्वात मोठी गर्दी तिथेच आहे.

पाण्याचं उत्तर तर आपल्याकडे तयारच आहे. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे इथे रोज प्रत्येकी २ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देणारी केंद्रं उभारली आहेत. ज्या डेटा सेंटरला थंड ठेवायला पाणी लागतं त्याला हेच पाणी सक्तीचं करा. बारवी धरणाचं पिण्याजोगं पाणी चिलरला आणि वस्तीत नळाला दिवसाआड, हे चालणार नाही.

राहिला रोजगार. अशा केंद्रात कायम नोकऱ्या थोड्या. बाकी सुरक्षारक्षक, सफाई, देखभाल, सगळं कंत्राटी. कंत्राटी सफाईत कोणत्या जातीची माणसं दिसतात हे समाजशास्त्र न शिकलेल्यालाही ठाऊक आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, असं लगेच सांगितलं जाईल. मान्य, पण सार्वजनिक पैसा घेणाऱ्याला सार्वजनिक अट घालायला कोणी अडवलेलं नाही. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावं हा शासनाचा दंडक जुनाच आहे. त्यात कंत्राटदाराची माणसं मोजा आणि अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ठरवा. डेटा सेंटर चालतं ते वीज आणि थंडाव्यावर. इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे आयटीआयचे ट्रेड आहेत. आमच्या वस्तीतली मुलं ते शिकतात आणि मग एसी दुरुस्तीच्या दुकानात रोजंदारी करतात. प्रत्येक केंद्राने जवळच्या आयटीआयमधून दरवर्षी किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यातले किती कायम केले, हा आकडा दिल्याशिवाय पुढच्या वर्षीची माफी मिळू नये.

या शहराला हे नवीन नाही. सिडकोने गावांच्या जमिनी घेतल्या तेव्हा १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण तो वाटा गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात होता. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याला साडेबारा टक्के कशाचे? ऐरोलीत बाबासाहेबांचं देखणं स्मारक आहे, ग्रंथालय आहे. पहिलं काम म्हणून नवी मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी तिथेच बसून माहिती अधिकाराचे अर्ज लिहावेत. कोणत्या कंपनीला किती वीज शुल्क माफ झालं, किती पाणी कुठून दिलं, किती स्थानिक कामाला लागले. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.