दुखऱ्या हाताची नोंद

मज्जातंतूला इजा होते, वरची जखम भरून येते, तरी हातातली आग महिनोन्महिने शमत नाही. या दुखण्याचे पहिले सविस्तर वर्णन अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातले आहे. फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाऊस आणि विल्यम कीन या डॉक्टरांनी गोळी लागलेले सैनिक तपासले आणि १८६४ साली त्यावर पुस्तक काढले. हे सैनिक दुखरा हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. कोरडा स्पर्शही त्यांना सोसत नसे. या वेदनेला पुढे कॉझाल्जिया हे नाव पडले. १९९४ साली वेदनाअभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोमचा (सीआरपीएस) दुसरा प्रकार म्हटले. पहिल्या प्रकारात मज्जातंतूची इजा दाखवता येत नाही, दुसऱ्यात ती दाखवता येते. या आजाराच्या नोंदीला ठरावीक कोड देण्याचा, म्हणजे कोडिंगचा, सगळा डोलारा या एका फरकावर उभा आहे.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिथली विस्तारित आवृत्ती लागू आहे. तिच्यात हाताच्या कॉझाल्जियाचा कोड जी५६.४ पासून सुरू होतो आणि पुढचा अंक बाजू सांगतो: उजवा हात जी५६.४१, डावा जी५६.४२, दोन्ही जी५६.४३. बाजू लिहिलेलीच नसेल तर जी५६.४० उरतो. पहिल्या प्रकाराचे घर वेगळे आहे. उजव्या हातासाठी तो जी९०.५११ होतो. डॉक्टरांनी नुसते ‘सीआरपीएस’ लिहून प्रकार सांगितला नसेल, तर कोडरने तो आपल्या मनाने ठरवायचा नसतो. चार्टमध्ये मज्जातंतूच्या इजेचा अहवाल समोर दिसत असला तरी निदान करण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे विचारणा, पाठवायची, आणि तीही उत्तर सुचवणारी नसावी. हा नियम काहींना जाचक वाटतो, पण रुग्णाचे निदान तपासणाऱ्यानेच करावे, हे बरोबरच आहे.

एक उदाहरण पाहावे. अपघातात उजव्या दंडाचे हाड मोडले आणि रेडियल मज्जातंतू दुखावला. हाड सांधले, पण आठ महिन्यांनीही जळजळ चालूच आहे. डॉक्टरांनी ‘उजवा हात दुखतो, जुनी इजा, औषधे चालू ठेवावीत’ एवढेच लिहिले, तर कोडरच्या हाती एम७९.६०१ हा नुसत्या हातदुखीचा कोड राहतो. त्याच डॉक्टरांनी ‘रेडियल मज्जातंतूच्या इजेनंतरचा कॉझाल्जिया, उजवा हात, कापसाचा बोळा फिरवला तरी कळ येते, हात डाव्यापेक्षा गार, त्वचा निळसर, तळव्याला घाम जास्त’ असे लिहिले, तर आधी जी५६.४१ आणि त्यामागे एस४४.२१एक्सएस हा कोड लागतो. यातले शेवटचे ‘एस’ हे अक्षर सांगते की आताचे दुखणे त्या जुन्या इजेचा परिणाम आहे. दुखणे आधी आणि त्याचे मूळ नंतर, हा क्रम उलटला तर क्लेम परत येण्याची धास्ती असते.

या शेवटच्या अक्षरात चुका फार होतात. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असा समज रूढ आहे. खरे तर इजेवर सक्रिय उपचार सुरू असेपर्यंत ‘ए’च लागतो, मग ती कितवीही भेट असो. इजा भरून येण्याच्या काळात ‘डी’ आणि मागे उरलेल्या परिणामासाठी ‘एस’. ताज्या इजेचा कोड जी५६ च्या जोडीला चालत नाही, कारण त्या गटाखालच्या सूचनेनेच चालू आघात बाहेर ठेवला आहे. आघातानंतरच्या जुनाट वेदनेचा जी८९.२१ हा कोडही कॉझाल्जियासोबत लावता येत नाही. वेदना किती दिवसांनी जुनाट म्हणायची, याची मुदत अमेरिकन नियमावली ठरवत नाही. डॉक्टर लिहितील ते ग्राह्य. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आयसीडी-११ मात्र तीन महिन्यांची रेषा आखते आणि एमजी३० या गटात जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा देते. वेदनेची तीव्रता, तिने होणारा मानसिक त्रास आणि रोजच्या कामात येणारा अडथळा नोंदवण्याची सोयही तिच्यात आहे. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

वेदना एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून डॉक्टरांच्या नोंदीला पुराव्याचे वजन येते. निदानासाठी आज बुडापेस्ट निकष वापरतात. संवेदना, त्वचेचा रंग व तापमान, सूज व घाम, हालचाल व नखे-केसांतील बदल अशा चार गटांपैकी तीन गटांत रुग्णाने तक्रार सांगितलेली असावी, आणि किमान दोन गटांत डॉक्टरांना तपासताना चिन्ह दिसलेले असावे. वेदना इजेच्या मानाने जास्त असावी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने तिचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. चिन्हे दिवसागणिक बदलतात. आज गार असलेला हात पुढच्या आठवड्यात गरम लागू शकतो. त्यामुळे मागच्या भेटीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवण्याची संगणकी सवय इथे रुग्णाचे थेट नुकसान करते. या वेदनेसाठी मानेतील स्टेलेट गँग्लियन या मज्जातंतूंच्या गाठीत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा, म्हणजे ६४५१० या प्रक्रियेचा क्लेम आला की विमा कंपनी निदानाचा कोड आणि त्यामागची नोंद जुळवून पाहते. एम७९.६०१ च्या आधारावर ते इंजेक्शन मंजूर करून घेणे कठीण असते.

अमेरिकेतले असे कितीतरी चार्ट पुण्यात आणि नवी मुंबईत बसलेले कोडर वाचतात. भारतातल्या आरोग्यविम्याच्या क्लेम फॉर्ममध्येही रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० चा कोड मागितला जातो, पण इथे वापरात असलेल्या जागतिक आवृत्तीत जी५६.४ च्या पुढे बाजू सांगणारा अंक नाही. ती माहिती शब्दांतच लिहावी लागते. म्हणून हाताच्या मज्जातंतूला इजा झालेल्या रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड वाचावे. कोणता हात, कोणता मज्जातंतू आणि इजा कशाने झाली, हे त्यात नसेल तर तिथेच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.