नावाची पाटी

तुमच्या वर्गातल्या पंख्याकडे जरा मान वर करून पाहा. त्याच्या पात्यावर कदाचित कोणाचे तरी नाव रंगवलेले असेल. मशिदीतल्या घड्याळावर, देवळाच्या पायरीवर, रस्त्यावरच्या पाणपोईवरही अशी नावे दिसतात. आपण दिले याची काही खूण मागे राहावी, असे देणाऱ्याला वाटते. काही लोक याला दिखावा म्हणतात आणि नाक मुरडतात. दान गुप्त असावे हे खरेच. पण मला नावाचा एवढा राग येत नाही. पंखा फिरत असेल तर त्यावरचे नाव खुपत नाही. पंखा बंद पडून वर्ष झाले आणि नाव तेवढे चमकत राहिले, तर मात्र खुपते.

मुंबईत बोरिवलीच्या डोंगरांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे मोकळे हिंडतात. शिवाय काही वाघ, बिबटे आणि चितळ तेथे कुंपणात सांभाळले जातात. त्यांच्यासाठी उद्यानाने दत्तक योजना चालवली. दत्तक म्हणजे प्राणी घरी न्यायचा नाही! त्याच्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे द्यायचे, आणि देणाऱ्याच्या नावाची पाटी पिंजऱ्याजवळ लागते. 2021 च्या सुमारास वाघासाठी वर्षाला 3 लाख 10 हजार, बिबट्यासाठी 1 लाख 20 हजार आणि चितळासाठी 20 हजार रुपये असा दर होता. वाघ आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. पण पाचशे मुलांनी प्रत्येकी चाळीस रुपये काढले, तर चितळाचे वर्ष निघते. या योजनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिची मुदत. वर्ष संपले की दत्तकपण संपते. प्राण्याला पुढच्या वर्षीही खायला लागतेच, म्हणून पैसेही पुन्हा द्यावे लागतात.

ही कल्पना नवी आहे असे समजू नका. याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख. कल्याण आणि सोपारा या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी लेणे किंवा पाण्याचे टाके कोरवून दिले आणि त्याजवळ आपले नाव लिहवले. पण त्यांतले कित्येक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी 'अक्षय नीवी' ठेवली. म्हणजे मूळ धनाला हात लावायचा नाही, त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी भिक्षूंना वस्त्रे मिळत राहतील अशी व्यवस्था करायची. एका लेखात तर शेतीचे उत्पन्न नेमून दिले आहे, आणि ते शेत होते जवळच्याच मागाठाणे गावात. तुमच्यापैकी अनेकांना 'वक्फ' हा शब्द घरातूनच माहीत असेल. मूळ मालमत्ता कायम ठेवायची आणि तिचे उत्पन्न चांगल्या कामाला लावायचे, हीच रीत. दोन वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना दानाबद्दल तीच चिंता पडली: आपण गेल्यावर हे काम कोण चालवणार?

याउलट दौलताबादच्या किल्ल्यात खिळ्याने नाव कोरणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. पकडला गेला तर मात्र द्यावे लागते! संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा 2010 पासून आहे.

आता आपल्या हिंगोलीकडे या. औंढा नागनाथच्या भोवतीचे डोंगर पावसाळ्यात हिरवे दिसतात आणि उन्हाळ्यात करपून जातात. पावसाळ्यात झाडे लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे काही कमी होत नाहीत. खड्डा, रोप, फोटो आणि शेवटी पाटी. एप्रिल महिन्यात त्याच जागी जाऊन पाहा. पुष्कळदा पाटी उभी असते आणि रोप वाळलेले असते. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात रानमळा नावाचे गाव आहे. तेथे मूल जन्मले, लग्न झाले किंवा कोणी वारले की त्याच्या नावाने झाड लावतात, आणि ज्या घरचे झाड त्या घरानेच ते वाढवायचे असते. तेथे नाव हे पाणी घालायचे कारण ठरते. असे नाव मला हवे आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. तुमच्या वर्गाने कडुनिंबाचे किंवा चिंचेचे एक रोप जवळच्या टेकडीवर लावावे; अर्थात त्या जागेची परवानगी आधी घ्यावी. पण पाटी लगेच लावू नये. प्रथम कुंपण करावे, कोणत्या आठवड्यात कोणी घागर न्यायची ते वहीत लिहावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण गावी राहणार, हे आधीच ठरवावे, कारण खरी गरज तेव्हाच असते. तुम्ही शाळा सोडून गेलात, तर ती वही खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. तीन उन्हाळे निघाले की मग पाटी लावावी. ती जमिनीत रोवावी, खोडात खिळा ठोकू नये. आणि पाटीवर ज्यांनी पाणी घातले त्या सर्वांची नावे लिहावीत. रोपाचे पैसे देणाऱ्याचे नाव त्यांच्या खाली आले तरी चालेल.