सोहळ्याआधीचे हिरवे पाणी

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी राहून गेलेले सोहळे पुन्हा आठवू लागतात. कोणाची पंचाहत्तरी, कोणाचे सहस्रचंद्रदर्शन. अलीकडे ते कार्यालयात न करता कर्जत, मुळशी किंवा अलिबागकडच्या एखाद्या शेतघरी करण्याची पद्धत पडली आहे. तेथे पोहण्याचा तलाव असला की नातवंडांचे सारे लक्ष त्याकडेच लागते. अडचण एवढीच की तो तलाव बहुधा जूनपासून बंद असतो. सोहळ्याच्या आठवड्यात कोणी जाऊन पाहावे, तो पाणी हिरवेगार, तळ दिसेनासा झालेला, पायऱ्यांवर बोट लावले तर बुळबुळीत थर. मग सल्ले सुरू होतात. माळी म्हणतो मोरचूद टाका, शेजारी म्हणतो तुरटी फिरवा, आणि एखादे काका टीसीएलची अख्खी गोणी ओतायला निघतात.

ज्येष्ठांच्या आरोग्याच्या सदरात तलावाचे काय काम, असे आपणास वाटेल. पण ज्यांच्यासाठी सोहळा आहे, त्यांनाच अशा पाण्याचा त्रास सर्वांत आधी होतो. उतारवयात त्वचा पातळ होते, जखम भरण्यास वेळ लागतो, मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेली असते, दम्याची छाती क्लोरिनच्या वाफेने लगेच भरून येते. आणि त्या दिवशीची सारी व्यवस्था ज्या लेकीसुनांवर असते, त्याच एरवी या ज्येष्ठांची शुश्रूषा करीत असतात.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पाण्यातील जंतू मारणे, शेवाळ मारणे आणि गढूळपणा काढणे ही तीन निरनिराळी कामे आहेत. आपला डोळा फक्त शेवटचे काम तपासू शकतो. मोरचूद द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणात आपले काम चोख बजावते आणि शेवाळही मारते. पण जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबता येत नाही. शिवाय प्रमाण चुकले तर भिंतींवर डाग पडतात, पिकलेल्या केसांवर हिरवट झाक येते. तुरटीचे गुण आपल्या आज्यांना ठाऊकच होते. निवळीचे बी घड्याच्या आतून घासून पाणी निवळण्याची रीतही जुनी आहे. या उपायांनी गाळ खाली बसतो, पण सगळे जंतू काही मरत नाहीत. म्हणून निळेशार दिसणारे पाणीही अपायकारक असू शकते. उलटपक्षी, गढूळ पाणी मात्र, त्यात कितीही औषध असले तरी, उतरण्याजोगे कधीच नसते. कारण त्यात बुडालेले माणूस वरून दिसत नाही.

तलाव रिकामा करून पुन्हा भरण्याचा मोह होतो. पावसाळा नुकताच सरला असेल तर तो आवरावा. जमिनीखालच्या पाण्याची पातळी तेव्हा वर असते आणि रिकाम्या तलावाला खालून दाब बसून तो उचलला जाण्याची, त्याला तडे जाण्याची भीती असते. शिवाय आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा बेताच्या तलावातही ४०,००० लिटर पाणी असते. म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. त्याला चार-पाच दिवस लागतात. रविवारचा सोहळा असेल तर मंगळवारी आरंभ करावा. प्रथम जाळीने पाला काढावा आणि भिंती, कोपरे, विशेषतः पायऱ्या ब्रशने खरडून काढाव्यात. शेवाळाचा थर तसाच ठेवला तर औषध आतपर्यंत पोहोचत नाही. मग पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, तपासून तो ७.२ ते ७.६ दरम्यान आणावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग क्लोरिनला नावे ठेवतात. सामू साडेसातच्या आसपास असताना पाण्यातील मोकळ्या क्लोरिनपैकी सुमारे निम्मा भाग प्रभावी रूपात असतो. तो आठवर गेला की हा भाग जेमतेम पाव उरतो.

शेवाळ मारण्यासाठी लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम क्लोरिन लागते. वरच्या ४०,००० लिटरच्या तलावाला ते ४०० ग्रॅम होते. ग्रामपंचायतीत वापरतात त्या टीसीएलमध्ये, ती ताजी असेल तर, सुमारे एकतृतीयांश क्लोरिन असते. म्हणजे साधारण सव्वा किलो पावडर पुरे. तलावासाठी मिळणारी ६५ टक्क्यांची दाणेदार भुकटी असेल तर सहाशे ग्रॅमच्या आसपास. काकांची पंचवीस किलोंची गोणी लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमवर नेऊन ठेवील! मात्र पावसाळाभर उघडी राहिलेली टीसीएल दमट होऊन निस्तेज झालेली असते, तेव्हा नवी आणावी. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे, मग थोडी थोडी पावडर घालून लाकडी काठीने ढवळावे. चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तेवढे तलावात ओतावे. सगळा चुना आत गेला तर हिरवे पाणी पांढरे होते, एवढेच. हे काम सूर्यास्तानंतर करावे, कारण उन्हात क्लोरिन दोन-तीन तासांत बहुतांश नाहीसे होते. रात्रभर पंप चालू ठेवावा.

दुसऱ्या सकाळी पाणी राखाडी, दुधट दिसले तर घाबरू नये. ते मेलेले शेवाळ आहे आणि उपाय लागू पडल्याचे ते लक्षण आहे. पाण्यावर अजून हिरवी झाक असेल तर संध्याकाळी तीच मात्रा पुन्हा द्यावी. यापुढचे काम वाळूच्या फिल्टरचे आणि धीराचे. पंप चोवीस तास चालवावा, फिल्टरचा दाब वाढला की बॅकवॉश करावा. बॅकवॉशचे पाणी विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात सोडू नये. तुरटीचा योग्य वेळ आता येतो. शेवाळ मेल्यानंतर, पंप बंद करून रात्रभर ती बसू दिली तर सकाळी तळाशी मऊ गाळ दिसतो. तो न ढवळता, तळ साफ करण्याच्या नळीने हळूहळू थेट बाहेर काढावा. तुरटीने सामू खाली येतो, म्हणून तो पुन्हा तपासावा.

एक सूचना विशेष कळकळीने. सामू उतरवण्याचे आम्ल आणि क्लोरिनची पावडर एका बादलीत, एका मापाने, एका फडताळातदेखील एकत्र येऊ देऊ नयेत. संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचिंग पावडरीवर पडले तर विषारी क्लोरिन वायू निघतो. दोन निरनिराळ्या जातींच्या क्लोरिन गोळ्या व पावडरी एकमेकींत मिसळल्या तर आग लागू शकते. हे काम ज्येष्ठांनी करू नये, दमेकऱ्यांनी तर जवळही थांबू नये. जो गडी ते करील त्याला हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याच्या पाठमोरे उभे राहण्याची समज द्यावी. वायू नाकातोंडात गेलाच तर ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

तपासणीच्या संचाविषयी दोन शब्द. पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरिन दाखवतात, त्यात निकामी झालेलेही आले; गुलाबी रंग देणारी चाचणी मोकळे क्लोरिन सांगते, आपणास तीच हवी. पण मात्रा फार जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडून जातो आणि पाण्यात काहीच नाही असे वाटते. आदल्याच दिवशी भरपूर औषध घातले असता चाचणी शून्य दाखवीत असेल, तर तलावाचे पाणी साध्या पाण्यात पातळ करून पुन्हा पाहावे. पोहण्याच्या वेळी मोकळे क्लोरिन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ असावा. ‘क्लोरिनचा वास येतो, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा समज उलटा आहे. डोळे चुरचुरवणारा तो वास घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाल्याने येतो.

पाणी उत्तम असले तरी काहींनी काठावरच बसावे: ज्यांच्या पायाला जखम आहे, लघवीची नळी आहे, केमोथेरपी चालू आहे किंवा गेल्या दोन आठवड्यांत ज्यांना जुलाब झाले आहेत. जुलाबाचे काही जंतू क्लोरिनमध्येही कित्येक दिवस जगतात, म्हणून नातवंडांच्या बाबतीतही हा नियम मोडू नये. बाकीच्या ज्येष्ठांनी दांडा धरून, कोणाला तरी सोबत घेऊन, जेवणाआधी उतरावे.

निर्णय शनिवारी संध्याकाळी, दिवसाउजेडी घ्यावा. सर्वांत खोल भागातील तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते का? तिच्या पट्ट्या वेगळ्या ओळखू येतात का? घरातल्या ज्याची नजर चांगली आहे त्याने पाहावे, मोतीबिंदूचे डोळे येथे उपयोगाचे नाहीत. जाळी धूसर दिसत असेल तर रविवारी तलाव बंद, मग मुले कितीही रुसोत. पाण्यावर नुसते तरंगते प्लॅस्टिक अंथरू नये; त्यावर पाय पडला की मूल त्यात गुरफटते. चारही बाजूंनी कंबरेएवढे कुंपण किंवा घट्ट दोर बांधावेत, खुर्च्या आणि जेवणाची पंगत दुसऱ्या अंगाला मांडावी, आणि एका प्रौढ माणसाला आळीपाळीने, हातात मोबाइल न देता, तेथे बसवावे. पंप मात्र चालूच राहू द्यावा. बहुधा मंगळवार-बुधवारपर्यंत तळ दिसू लागतो, आणि मुक्कामाला राहिलेली नातवंडे आजोबांना घेऊन तेव्हा पाण्यात उतरू शकतात.