अगणित ग्रह आणि आटलेलें कुतूहल

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा भाचा सोनगीर येथें आमच्या घरीं आला होता. दुपारीं बाहेर खानदेशचें ऊन रणरणत असतां तो संगणकासमोर बसून अवकाशयान हांकीत असे. एके दिवशीं त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें, "मामा, आज तीनशें ग्रह शोधले!" आम्हीं विचारलें, "मग त्यांवर काय पाहिलेंस?" तो क्षणभर घोटाळला व म्हणाला, "पाहायचं काय? नोंद झाली, पैसे मिळाले." या एका उत्तरांत असल्या खेळांच्या दोषाचें मूळ आहे, आणि तो दोष, आमच्या मतें, खेळणाऱ्या मुलाचा नसून खेळ रचणारांचा आहे.

प्रथमच सांगून टाकतों कीं, हा सारा पोरखेळ आहे असें म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. ज्या खेळांत आपलीं मुलें तासचे तास घालवितात, तो खेळ त्यांस 'शोध' या शब्दाचा कोणता अर्थ शिकवितो, हें पाहणें पालकांचें व शिक्षकांचें कर्तव्यच होय.

आमचा वाद आहे तो दुसऱ्याच पक्षाशीं. अवकाशसंचाराचा खेळ कंटाळवाणा होतो अशी तक्रार निघाली, कीं या पक्षाचें उत्तर ठरलेलें: ग्रह वाढवा, प्राणी वाढवा, बक्षिसें वाढवा. १९८४ सालीं डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांनीं 'एलाइट' हा खेळ रचला. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रांत त्यांनीं गणिताच्या युक्तीनें ८ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६ तारामंडळें बसविलीं. ती कारागिरी खरोखर वाखाणण्यासारखी होती. परंतु पुढें संख्येचाच मोह जडला. २०१४ च्या 'एलाइट डेंजरस'मध्यें सुमारें ४० हजार कोटी तारामंडळें आलीं. २०१६ च्या 'नो मॅन्स स्काय'मध्यें ग्रहांची संख्या २ च्या ६४ व्या घाताइतकी झाली. बुद्धिबळाच्या पटावर दर घरास दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर पुरुषाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. त्याची मागणीसुद्धां या संख्येहून एका दाण्यानें कमीच भरते! त्या गोष्टींत राजाचें कोठार रितें झालें; येथें खेळणाऱ्याचें कुतूहल रितें होतें. एकच सूत्र रंग व आकार उलटसुलट करून ग्रह घडवीत आहे, हें चाणाक्ष मुलास थोड्याच दिवसांत कळून चुकतें.

तर मग शोधांत मन रमतें तें कशानें? उत्तरासाठीं दूर जावयास नको. आमच्या गांवावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यानें दक्षिणेस निघालें कीं धुळें लागतें. तेथें इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९२६ सालीं देह ठेवला. ज्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचे २२ खंड छापले, ते गांवोगांव पायपीट करीत हिंडले ते कागदांची संख्या वाढविण्यासाठीं काय? मोडी पत्रावर पुष्कळदां नुसती तिथि असते, साल नसतें. पत्र कोणाचें, कोणास, कोणत्या प्रसंगीं, हें मजकुरावरून ताडावें लागतें. आज बांधलेला तर्क उद्यां सांपडणारा दुसरा कागद खोटा पाडूं शकतो. चुकण्याची ही भीति, आणि एका कागदानें दुसऱ्याची वाट दाखविणें, हाच शोधाचा प्राण होय. जेथें चुकतांच येत नाहीं, तेथें शोध नसून केवळ शिरगणती असते.

खेळ रचणारांस हें अगदींच उमगलें नाहीं असें नव्हे. 'एलाइट डेंजरस'मध्यें गोळा केलेली माहिती स्थानकावर पोंचण्यापूर्वीं यान नष्ट झालें तर ती सारी बुडते. हा नियम उत्तम आहे, कारण त्यानें परतीच्या वाटेस मोल येतें. २०१८ च्या डिसेंबरांत त्याच खेळांत ग्रह हुडकण्याची रीत बदलून लहरी जुळविण्याचें व शोधक अग्निबाण सोडण्याचें काम खेळणाऱ्याच्या हातीं दिलें. सुधारणा खरी, पण तीनें हात गुंतले, तर्कबुद्धि मात्र बहुतांशीं मोकळीच राहिली. उलट २०१९ चा 'आउटर वाइल्ड्स' पाहा. त्यांतली सूर्यमाला चिमुकली. दर २२ मिनिटांनीं सूर्याचा स्फोट होतो आणि पुनः पहिल्यापासून आरंभ. पैसा नाहीं, पदवी नाहीं. मागें उरतें तें केवळ ज्ञान, आणि तेंच पुढच्या दाराची किल्ली. मूठभर ग्रहांनीं जें साधलें, तें ४० हजार कोटी तारामंडळांस साधलें नाहीं!

कोणी म्हणेल, दिवसभर शिणलेला मनुष्य विरंगुळ्यासाठीं खेळतो, त्याची परीक्षा कशाला? ज्यास नुसतें आकाशांत भटकावयाचें, त्यानें खुशाल भटकावें. प्रवासाचा आनंदही थोर आहे. परंतु त्यास शोध म्हणूं नये. बुद्धिबळ हाही विरंगुळाच. पण प्रत्येक खेळीस विजय मिळूं लागला, तर पट मांडील कोण?

त्याच संध्याकाळीं आम्हीं भाच्यास येथल्या किल्ल्यावर नेलें. गड लहानसा, पडझड झालेला. परंतु तेथली जुनी विहीर पाहतांच मुलाची जीभ सुटली: एवढ्या खडकांत ही खोदली कशी? पाणी आटलें तर शिबंदी काय करी? आम्हांस सर्व उत्तरें देतां आलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं ऊन चढण्यापूर्वींच स्वारी एकटी पुनः गडावर! तेथें त्याच्या नांवाची नोंद होणार नव्हती, कीं पैसेही मिळणार नव्हते. मनांत अडलेला एक प्रश्न तेवढा होता. आकाश रचणारांनीं आपल्या हजारों कोटी ताऱ्यांपैकीं थोड्यांवर तरी अशी एखादी विहीर खोदून ठेवावी, एवढेंच आमचें मागणें आहे.