तेरेखोलचा एक दिवस, सिल्वासाची सात वर्षं

डिचोली, नगर हवेली आणि पेडणे हे मुलूख १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांकडे गेले. त्यांची सुटका मात्र एकत्र झाली नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी पेडण्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकवला. किल्ला जेमतेम एक दिवस त्यांच्या ताब्यात राहिला, मग सगळे पकडले गेले. त्याआधी तेराच दिवस, २ ऑगस्टला, नगर हवेलीचं मुख्य ठाणं सिल्वासा मुक्त झालं होतं आणि ते पुन्हा पोर्तुगिजांच्या हाती कधीच लागलं नाही. धैर्य दोन्हीकडे सारखंच होतं. सिल्वासात झेंड्यामागोमाग कारभार उभा राहिला, आणि गोव्याच्या मुक्तिकथेत नेमका हाच भाग आपण गाळतो.

कुणी म्हणेल, हे श्रेय भूगोलाचं आहे. नगर हवेली म्हणजे चहूबाजूंनी भारतीय भूमी असलेलं बेटच. दमणहून फौज आणायची तर भारतातूनच यावं लागे आणि भारतानं ती वाट बंद केली. हे खरंच आहे. पण बंद वाटेनं शत्रू अडतो, राज्य चालत नाही. ते चालवलं मुक्त प्रदेशातल्या लोकांच्या वरिष्ठ पंचायतीनं. अप्पासाहेब कर्मलकर प्रशासक झाले. जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ असं छापून टपाल सुरू ठेवलं गेलं. दुसरा आक्षेप मान्यतेचा. जगातल्या एकाही देशानं या राज्याला मान्यता दिली नाही, हेही खरं. पण भारतानं बंद केलेल्या वाटेसाठी पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १२ एप्रिल १९६० च्या निकालानं नागरिक आणि मालाच्या वाहतुकीचा त्याचा हक्क मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नाकारला. मान्यतेविना राज्य किती टिकतं, याची तुलना करून पाहा. १८९५ मध्ये जपानचा ताबा नाकारून फॉर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानात, प्रजासत्ताक घोषित झालं. त्यालाही मान्यता नव्हती, पण तिथले अध्यक्ष दोन आठवड्यांच्या आत बेट सोडून गेले आणि ऑक्टोबरात सारं संपलं. सिल्वासातला कारभार सात वर्षं चालला आणि भारतात विलीनीकरणाचा ठरावही वरिष्ठ पंचायतीनंच केला.

११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी के. जी. बदलानी या करारासाठी मुक्त प्रदेशाचे एका दिवसाचे पंतप्रधान झाले आणि त्यांनी नेहरूंसोबत विलीनीकरणाच्या करारावर सही केली. पेडणे-डिचोलीत तेव्हा अजून पोर्तुगीज अंमल होता. गोव्याच्या पाठ्यपुस्तकांत १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाआधी ११ ऑगस्टचा हा दिवसही यायला हवा.