पिल्लू नातवाचे, पट्टा आजीच्या हाती

‘न्हाणीघरात पाय घसरला,’ असे त्या आजींनी मला सांगितले. वय ७४, वजन ४६ किलो. क्ष-किरण चित्रात उजव्या मनगटाजवळचे हाड मोडलेले स्पष्ट दिसत होते. अस्थिरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहायला मी घेतली, तोच सोबत आलेला नऊ वर्षांचा नातू रडू लागला. ‘आजीला आमच्या कुत्र्याने ओढले. पण ती म्हणाली, कोणाला सांगू नकोस, नाहीतर बाबा त्याला देऊन टाकतील.’

कुत्रा लॅब्रॅडॉर जातीचा, दहा महिन्यांचा, वजन २८ किलो. समोर मांजर दिसताच त्याने झेप घेतली होती आणि पट्ट्याचा फास आजींनी मनगटाला गुंडाळलेला होता.

मुलांसाठी कोणती जात चांगली, असे या कुटुंबाने चार जणांना विचारले होते. लॅब्रॅडॉर हे उत्तर चुकीचे नव्हतेच. मुलांशी इतक्या समंजसपणे वागणाऱ्या जाती थोड्याच. मात्र मुले सातला शाळेत जातात, आईवडील नऊला कामावर. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात कुत्रा आणि वडीलधारे माणूस, हे दोघेच उरतात. तेव्हा जात निवडताना मुलाच्या हौसेबरोबर आजीआजोबांचे गुडघे, तोल आणि औषधांची यादीही विचारात घ्यावी, असे मी आता आवर्जून सांगतो.

लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर शांत होतो हे खरे, पण त्याला साधारण दोन वर्षे लागतात. तोवर तो अंगाने मोठा आणि बुद्धीने पोरच असतो. बीगल आकाराने आटोपशीर. तरी वास लागला की त्याला दुसरे काही ऐकू येत नाही आणि तो जोराने ओढतो. पग सहा-आठ किलोचा, म्हणून वृद्धांना सोयीचा वाटतो. परंतु आखूड नाकामुळे त्याला श्वासाचा त्रास असतो आणि आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. पॉमेरेनियन हलका खरा, पण लहान मुलांनी दाबलेले, उचललेले त्याला फारसे खपत नाही. दख्खनच्या पठारावरचा कारवानी देखणा आणि काटक आहे. त्याला धावायला माळरान हवे, दोन खोल्यांच्या सदनिकेत तो कोंडला जातो. हस्कीविषयी काय लिहावे? बर्फातल्या प्राण्याला नागपूरच्या मे महिन्यात आणणे मला पटत नाही.

माझे मत विचाराल तर दोन-तीन वर्षांचा, लसीकरण झालेला देशी कुत्रा घ्यावा. अंगावर केस आखूड, हवामान ओळखीचे, आणि मुख्य म्हणजे त्याचा स्वभाव घडलेला असतो. पिल्लाच्या बाबतीत अंदाजच करावा लागतो. घेण्यापूर्वी दोन-तीन वेळा भेटायला जावे, मुलाबरोबर आजोबांनाही न्यावे. पट्टा त्यांच्या हाती देऊन वीस पावले चालून पाहावे. पट्टा मुठीत धरावा. मनगटाला कधीही गुंडाळू नये. गळपट्ट्याला घुंगरू बांधले की पायात येणारा कुत्रा आधी ऐकू येतो. रात्री शौचालयाच्या वाटेवर त्याला झोपू देऊ नये आणि तिथे मंद दिवा ठेवावा.

वयाबरोबर त्वचा कागदासारखी पातळ होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खेळताना लागलेले नखही बराच वेळ वाहते. पण मला अधिक काळजी वाटते ती लपवण्याची. दात वा नख लागून कातडी फुटली, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. कुत्रा आपला आहे, लस दिलेली आहे, एवढ्यावर परस्पर निर्णय घेऊ नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर उपचारांचा जवळजवळ उपयोग होत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. नातू मार बसेल म्हणून ओरखडा लपवतो, आजी कुत्रा जाईल म्हणून लपवते. त्यामुळे कुत्रा घरात येण्याआधीच दोघांनाही मोठ्यांनी शब्द द्यावा: लागले तर सांगा, त्यासाठी कुत्र्याला घालवणार नाही.

त्या दिवशी मी आजींच्या मुलाला बोलावून घेतले. तो बराच वेळ गप्प बसला. मग एवढेच म्हणाला, ‘सकाळी मी लवकर उठेन.’

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. कुत्रा घरातच आहे. सकाळ-संध्याकाळ मुलगा त्याला फिरवतो आणि दुपारी खुर्चीत बसून आजी डाव्या हाताने त्याचे केस विंचरतात. उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही. तिचा व्यायाम चालू आहे.