दहावीची वाट पाहू नका

डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमतेचा, विषय आपल्या शाळांत बहुतेकदा दहावीच्या तोंडावर निघतो. वाढीव वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांमध्ये केला, त्यामुळे या सवलती हक्काच्याच आहेत. पण वाचनाला धास्तावलेले मूल दहावीपर्यंत टिकले तरच त्या त्याच्या कामी येणार.

भिवंडीत हे मूल ओळखणे आणखी अवघड आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या आहेत. यंत्रमागाच्या कामासाठी परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांत घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, असे सर्रास आढळते. मग वाचन अडले की ‘भाषा कच्ची आहे’ किंवा ‘घरी लक्ष देत नाहीत’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

एक साधी पडताळणी करा. छोटी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. उत्तर घरच्या बोलीत आले तरी चालेल. ऐकून नेमके सांगणारे मूल तसाच सोपा उतारा स्वतः वाचताना सतत अडखळत असेल, तर अडचण केवळ भाषेची नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीच पक्की असल्याने पुष्कळ मुले चुकतात कमी, पण वाचतात फार सावकाश. चौथीतले मूल ‘घर’ आणि ‘धर’ यांत गोंधळते, जोडाक्षरापाशी थबकते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. शुद्ध वाचले म्हणून त्याला सोडून देऊ नका, वेगही पाहा.

पण निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हजेरी पाहा. काही आठवडे रोज थोडा वेळ शब्दांतले ध्वनी सुटे करणे, जोडणे, वेलांटी-उकार आणि जोडाक्षरे यांचा क्रमवार सराव घ्या. तरीही प्रगती दिसली नाही, तर नोंदींसह विशेष शिक्षकाकडे पाठवा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीत मराठीचाही समावेश आहे, तिचा उपयोग व्हावा. दरम्यान तोंडी उत्तरे स्वीकारा आणि सर्वांसमोर प्रकट वाचनाची सक्ती थांबवा. त्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

प्रशासनाकडे मागणी एकच: तपासणीसाठी मुंबईच्या रुग्णालयात खेटे घालायचे तर मागावरच्या कामगाराचा रोज बुडतो. तज्ज्ञांचे पथक ठरावीक दिवशी भिवंडीतच आले पाहिजे. आपल्या केंद्रातील शाळांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत हा विषय आपण मांडूया, सोबत दुसरी-तिसरीच्या मुलांच्या नोंदी घेऊन.